अण्णांचा मॉनिटर आणि माझ्या वायरी

बायकोला पुण्याच्या एका प्रकाशकाकडून मुद्रितं तपासायचं काम मिळायची शक्यता दिसली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त उत्साह मला आला. काम तिचं, डोळे तिचे, परीक्षा तिची. पण वायरी आणायच्या होत्या, आणि वायरी आणणं हे पुरुषाचं काम आहे असं कुणी न सांगताच मी ठरवून टाकलं.

तिनं बरीच वर्षं साताऱ्यात आमच्या पुढच्या खोलीत शिकवण्या घेतल्या. पुढं गल्लीच्या तोंडालाच मोठे क्लास निघाले, पोरं तिकडं गेली आणि खोली रिकामी झाली. मग ती सकाळचा पेपर वाचताना हातात लाल पेन घेऊन बसायला लागली. रद्दीवाल्याला आम्ही जो पेपर द्यायचो, तो छापला होता त्यापेक्षा पुष्कळ शुद्ध असायचा.

तर प्रकाशकानं तिला एक शालेय गाइड तपासायला पाठवलं. एकीकडं लेखकाच्या हस्ताक्षरातली पानं, दुसरीकडं छापायला निघालेली पानं, दोन्ही ताडून बघायची आणि सोमवारी सकाळी परत पाठवायची. जमलं तर दर महिन्याला काम, नाही जमलं तर आभार. हे सगळं तिनं मला भाजी निवडत सांगितलं, जसं काही शेजारणीचं सांगतेय. पण त्या दिवशी निवडलेल्या मेथीत काड्या राहिल्या होत्या, आणि तिच्या हातून असं होत नाही.

अडचण लॅपटॉपची होती. मुलीनं नोकरी लागल्यावर आईला घेऊन दिलेला, पातळ, वहीएवढा. त्यावर दोन्ही पानं शेजारी शेजारी लावली की अक्षरं मुंगीएवढी व्हायची. एक पान झाकून दुसरं उघडलं की आधीची ओळ डोक्यातून निसटायची. शुक्रवारी दुपारपर्यंत तिची थोडीच पानं झाली होती आणि चष्मा सारखा कपाळावर जात होता.

"आईला दुसरा स्क्रीन लागेल," मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली. "माझा कॉलेजचा मॉनिटर गावाला आहे ना? तो आणा. मग लागेल फक्त एक केबल."

ते 'फक्त' मी नीट ऐकायला हवं होतं.

गाव म्हणजे सांगलीच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. तिथं माझे वडील, अण्णा, आणि धाकटा भाऊ असतात. थोडा ऊस आहे, दोन म्हशी आहेत. मुलीचा कॉम्प्युटर बंद पडल्यावर मॉनिटर तिकडं गेला आणि भावानं त्याला गोठ्यातला कॅमेरा जोडला. मग अण्णा पडवीत खुर्ची टाकून मॉनिटरवर म्हशी बघायला लागले. म्हशी चार पावलांवर बांधलेल्या असायच्या, मान वळवली तरी दिसल्या असत्या. पण स्क्रीनवरची म्हैस त्यांना जास्त भरवशाची वाटायची. पुढं कॅमेरा भावाच्या मोबाइलवर दिसायला लागला, आणि मॉनिटर नुसता बसून राहिला.

मी अण्णांना फोन केला. म्हटलं, "कुणाबरोबर तरी पाठवून द्या."

"कुनाबरोबर कशाला? मी घिऊन येतो."

"अण्णा, एवढं ओझं घेऊन एसटीनं?"

"एसटी मला फुकट हाय. आन् ती वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई."

अण्णा येणार हे नक्की झालं. ते पोचायच्या आत आपली तयारी झालेली असावी म्हणून मी संध्याकाळीच पोवई नाक्याकडं गेलो. तिथल्या एका दुकानात भिंतभर वायरी टांगलेल्या होत्या, बैलाच्या साजाच्या दुकानात कासरे आणि म्होरक्या टांगतात तशा. दुकानदार साधारण माझ्याच वयाचा. मला बघून त्यानं शिक्षक ओळखला. ते कसं ओळखतात कोण जाणे, पण ओळखतात.

"सर, लॅपटॉपला कुठला पोर्ट आहे?"

"लांबट आहे. दोन्ही टोकांना गोल."

"सी टाइप. आणि मॉनिटरला?"

"मॉनिटर अजून यायचाय."

"मग काय, हल्ली सगळ्यांना एचडीएमआयच असतं. हा अडॅप्टर घ्या, सी टाइपमध्ये जातो. आणि ही केबल त्याच्यात. फक्त एक बघा सर, सगळ्या सी टाइपमधून चित्र जात नाही. काही नुसते चार्जिंगचे असतात. चित्र जातं त्या भोकाशेजारी विजेची खूण असते."

मी मान हलवली. वर्गात मागच्या बाकावरची पोरं ज्या अर्थानं मान हलवतात, त्याच अर्थानं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिनं लॅपटॉप उचलून डोळ्याशी धरला आणि म्हणाली, "डावीकडच्या दोन भोकांपैकी एकाशेजारी बारीक वीज काढलीय. त्यात घाला." बारीक खुणा शोधायचं कामच तिला हवं होतं. ते ती तेव्हाही करत होती.

शनिवारी दुपारी अण्णा आले. मॉनिटर गोधडीत गुंडाळलेला, वरून नायलॉनची दोरी, आणि दोरीला हातात धरायला एक कडं. इस्लामपूर, कराड करत तो सबंध रस्ता त्यांनी मांडीवर आणला होता. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं म्हणे.

"मग काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, गाडीच्या फळीवर हाय का? न्हाई. शीटवर हाय का? न्हाई. मांडीवर हाय. मांडी माझी हाय. मांडीचं तिकीट शासनानं माफ केलंय."

"मग?"

"कराडपातूर माज्याकडं बघितलं न्हाई त्यानं."

अण्णांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथं बोल्ट आवळून झाला की त्यावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा, अशी पद्धत. ठिपका तडकला तर समजायचं की कुणीतरी बोल्टला हात लावला, किंवा तो सैल झाला. अण्णा पेन्शनीत आले, पण ठिपका पेन्शनीत गेला नाही. गावच्या घरात गॅसच्या रेग्युलेटरपासून पंख्याच्या हुकापर्यंत सगळीकडं लाल ठिपके आहेत. आमच्या लग्नात मिळालेल्या कपाटाच्या बिजागरीवरसुद्धा आहेत. आपलं घर नजरेखाली आहे असं त्यामुळं सतत वाटतं, आणि ते खरंही आहे.

गोधडी सोडली आणि मॉनिटर उलटा केला. पाठीमागं एक जाड केबल लावलेली, निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू, आणि दोन्ही स्क्रूंवर लाल ठिपके. बाकी पाठ सगळी काळी, सपाट. माझ्या हातातली नवी केबल घुसायला जागाच नव्हती.

फोटो काढून मुलीला पाठवला. ती म्हणाली, "बाबा, हे व्हीजीए आहे. जुनं. एवढंच दिसतंय. आता तुम्हाला एचडीएमआयचं व्हीजीए करणारं काहीतरी लागेल."

मी पुन्हा पोवई नाक्यावर. दुकानात गर्दी होती. मी स्वतःच काचेच्या कपाटाकडं बोट दाखवून म्हटलं, "एका बाजूला व्हीजीए, एका बाजूला एचडीएमआय, असलं काही आहे का?" दुकानदारानं दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बोलत काडेपेटीएवढा एक डबा काढून दिला. दोन्ही बाजूंना भोकं. एकीकडं निळं तोंड बसत होतं, दुसरीकडं माझी केबल. मी समाधानानं निघालो.

आमच्या घराण्यात जोडणीचं ज्ञान पाइपलाइनीतून आलेलं आहे. मोठ्या पाइपला लहान पाइप जोडायचा तर मध्ये रिड्यूसर घालायचा, दोन्ही तोंडं घट्ट बसली की पाणी जातं. इकडून जातं, तिकडूनही जातं. रिड्यूसरला काय, त्याला दिशा नसते. मी त्याच हिशेबानं लॅपटॉपला अडॅप्टर, अडॅप्टरला केबल, केबलला डबा, डब्याला निळं तोंड अशी माळ लावली. सगळं चपखल बसलं. बटण दाबलं. स्क्रीनवर सिग्नल नसल्याची इंग्रजी पाटी आली आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सावकाश फिरायला लागली.

आम्ही तिघं त्या पाटीकडं बघत बसलो.

"बाण कुठं जातोय?" बायको म्हणाली.

"कुठला बाण?"

तिनं डबा उचलून दाखवला. त्यावर नखाएवढा बाण छापलेला होता, आणि तो मॉनिटरकडून लॅपटॉपकडं येत होता. मी उलटं वळवून बघितलं. बाण वळला, पण मग तोंडं बसेनात.

"म्हंजे ह्यात फुटव्हॉल हाय," अण्णा म्हणाले. विहिरीतल्या पाइपच्या तळाशी असतो तो. पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. "तू उलटा बसवलास."

"मी नाही बसवला, तो तसाच आहे."

"त्यो तसाच हाय खरं. आनला कुनी?"

बायको म्हणाली, "मामा, हे भूगोल शिकवतात. दिशा हा पहिला धडा असतो." आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाच म्हणतात, आणि मामांच्या साक्षीनं नवऱ्याला बोललेलं जास्त लागतं, हे त्यांना चांगलं माहीत असतं.

तिसऱ्या खेपेला दुकानदारानं मला लांबूनच ओळखलं. "उलटा गेला व्हय सर?" म्हणाला. लॅपटॉपच्या भोकातून थेट निळ्या तोंडात जाणारा एक आखूड अडॅप्टर त्यानं दिला. मी या वेळी बाण बघून घेतला.

आणि चित्र आलं. खरंच आलं. फक्त ते पावसात भिजून वाळलेल्या पेपरासारखं होतं. अक्षरं जाड आणि कडेनं लव आल्यासारखी. वेलांटी कुठं संपते आणि शेजारचा काना कुठं सुरू होतो ते कळेना. अनुस्वार तर पानातून उठूनच गेले होते. मुलीनं फोनवरून काय काय दाबायला लावलं, मी सगळं दाबलं. शेवटी ती म्हणाली, "तो अडॅप्टर एवढंच देतोय, बाबा." सिनेमा बघायला ते चाललं असतं. म्हशी बघायला तर उत्तमच. पण छापलेल्या ओळीतलं टिंब शोधायला ते कामाचं नव्हतं.

तरी बायको त्यावर संध्याकाळपर्यंत बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागल्यावर उठली, मॉनिटर बंद केला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पुन्हा एक पान झाक, एक पान उघड असं सुरू केलं. आवाज चढवला नाही, कपाळावर आठी नाही. मी म्हटलं, "उद्या सकाळी कराडला जाऊन बघू का दुसरं काही?"

"तुम्ही आता काही आणू नका," ती म्हणाली.

रविवारी चहा झाला तरी निम्मी पानं बाकी होती. तिनं प्रकाशकाला निरोप लिहायला घेतला होता: एक दिवस जास्त मिळेल का. लिहून पाठवला नव्हता. पहिल्याच कामाला मुदत मागायची म्हणजे काय, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती त्या निरोपाकडं बघत बसली होती. अण्णा खिडकीशी बसून तिच्याकडं बघत होते. मला ते बघवेना, म्हणून मी मॉनिटरवर राग काढला.

"जुन्या वस्तूंचं हे असं असतं," मी म्हटलं. "कंपनीनं एकच भोक दिलंय. दुसरं असतं तर कालच काम झालं असतं."

"एक कशाला?" अण्णा म्हणाले. "तीन हाईत."

मी त्यांच्याकडं बघितलं. बायकोनंही मान वर केली.

"कुठं आहेत तीन?"

"मागं. बुजवलीत मी."

"बुजवलीत?"

"मग? गोठ्यात पाली लय. मोटारीच्या पेटीत पाल शिरली का स्टार्टर जळतुया, तुला म्हाईत हाय. मागच्या साली दोनदा जळला. ह्याला तर नुसती उघडी भोकं. काय ठिवायची म्हनून ठिवायची? कामाचं एक ठिवलं, बाकीची बंद केली."

हे त्यांनी असं सांगितलं, की जगात दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. आणि खरं सांगायचं तर आमच्या भागात नव्हतंच. पिकाला पाणी देणाऱ्या कुठल्याही माणसाला रिकामं भोक दिसलं की पहिल्यांदा पाल दिसते, आणि मग जळलेल्या मोटारीचा वास येतो.

"अण्णा, काल दुपारपासून इथं बसलाय तुम्ही. मी दोनदा बाजारात गेलो. सांगायचं नाही का?"

"तू वायरीचं बोलत हुतास," ते म्हणाले. "भोकाचं आत्ता बोललास."

यावर बायको हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मला हसली, पण मी ते चालवून घेतलं.

अण्णांनी माझ्या दाढीच्या सामानातलं ब्लेड मागितलं. मॉनिटर गोधडीवर पालथा ठेवला आणि त्या काळ्या, सपाट पाठीवरून बोट फिरवत एके ठिकाणी थांबले. तिथं ब्लेडचं टोक घालून सावकाश ओढलं. इन्शुलेशन टेपची एक लांब पट्टी निघून आली. टेपवरून त्यांनी काळा रंग मारला होता आणि कडा इतक्या साफ दाबल्या होत्या, की ती पट्टी कारखान्यातूनच आली आहे असं कुणालाही वाटावं. मी तो फोटो मुलीला पाठवला होता. तिनं पुण्यात बसून तो मोठा करून बघितला होता. आम्हाला दोघांनाही ती मॉनिटरची पाठ वाटली होती. केलेलं काम दिसता कामा नये, अशी त्यांची फौजेतली शिकवण आहे.

पट्टीखाली दोन भोकं. एक माझ्या ओळखीचं, शुक्रवारच्या केबलचं. दुसरं कशाचं ते मला अजून कळलेलं नाही. गोठ्याशेजारी एवढे दिवस काढूनही आत धुळीचा कण नव्हता.

शुक्रवारची केबल लावली. शुक्रवारचाच अडॅप्टर. म्हणजे सगळ्यात पहिल्यांदा आणलेली, मी मूर्खपणानं मॉनिटर न बघताच घेतलेली वस्तू. चित्र आलं ते धुतल्यासारखं आलं. बायकोनं हस्तलिखिताचं पान मॉनिटरवर टाकलं, छापील पान लॅपटॉपवर ठेवलं, खुर्ची पुढं ओढली आणि प्रकाशकाला लिहिलेला तो निरोप पुसून टाकला. आमच्याकडं बघितलं नाही. तिनं वाचायला सुरुवात केली होती.

अण्णा मात्र मागं वाकून केबल तपासत होते.

"ह्याला इस्क्रू कुठायत?"

"याला नसतात, अण्णा."

"मग हे धरतंय कशानं?"

"आपोआप धरतं. दाबून बसवलं की बसतं."

'आपोआप' हा शब्द अण्णांना आवडत नाही. ते खिडकीशी जाऊन बसले, पण नजर केबलवर. केबल जाड होती आणि आपल्याच वजनानं खाली लोंबत होती. दुपारी बायकोनं मॉनिटर जरा आपल्याकडं वळवला, आणि तिच्या हातात लाल पेन असताना स्क्रीन काळा झाला. केबल गळून मागं लटकत होती.

मी लावली. थोड्या वेळानं पुन्हा पडली.

"सरक तू बाजूला," अण्णा म्हणाले. "पोरी, सुतळी हाय का?"

सुतळी स्वयंपाकघरात होती. अण्णांनी केबल भोकात दाबली, सुतळीचा एक फेरा केबलभोवती, एक फेरा मॉनिटरच्या मानेभोवती घेतला आणि पीळ देऊन टोक आत खोचलं. उसाची मोळी बांधताना पाचटाला असाच पीळ देऊन खोचतात. मोळी डोक्यावरून फडाबाहेर आली, गाडीत पडली, तरी सुटत नाही. मग त्यांनी केबल दोनदा हिसकून बघितली. स्क्रीनवरचं अक्षरही हललं नाही.

"लाल काय हाय का घरात?"

बायकोनं खुर्चीवरून न उठता सांगितलं, "मामा, कपाटात पोरीची नेलपॉलिश आहे. खालच्या कप्प्यात."

ती बाटली सुकत आली होती. अण्णांनी तीत काडी बुडवून सुतळीच्या गाठीवर एक ठिपका दिला आणि वाळेपर्यंत फुंकर मारत उभे राहिले.

दिवे लागायच्या आत तिची पानं संपली. एकदा सगळं पुन्हा वाचून सोमवारी सकाळी तिनं ते पाठवलं. उत्तर दुपारी आलं. तीन ओळींचं होतं. पुढचं पुस्तक सोबत जोडलेलं होतं. तिनं ते मला वाचून दाखवलं आणि त्या तीन ओळींतही एक चूक आहे म्हणाली. पण ती कळवायची नाही, असंही म्हणाली.

अण्णा सकाळच्याच गाडीनं परत गेले होते. रिकाम्या हातानं, गोधडी तेवढी खांद्यावर. निघायच्या आधी त्यांनी माझा बाणाचा डबा थोडा वेळ मागून घेतला, मला वाटलं बघायला. नंतर मी तो दुकानात परत द्यायला गेलो, तेव्हा दुकानदारानं उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "सर, ह्याची भोकं कुठं गेली?" दोन्ही बाजूंना काळी टेप, कडा साफ दाबलेल्या. मी तो परत खिशात घातला.

लॅपटॉपच्या बाजूची रिकामी भोकंही त्यांनी बुजवून ठेवली होती. चार्जरचं तेवढं सोडलं होतं आणि वीज काढलेलं. मी घाबरून बायकोला सांगायला गेलो, तर ती पुढच्या पुस्तकात होती.

"मला विचारून केलंय त्यांनी," ती म्हणाली. "सरका जरा, उजेड अडतोय."